अकरावा फर्मा

वडील गेले त्या दिवशी धाकटीने चादरी भिजत घातल्या, औषधाच्या बाटल्या धुऊन पालथ्या ठेवल्या आणि मग पुढे काय करायचं ते तिला सुचेना. चौदा वर्षं ते अर्धांगाने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे. भाऊ परगावी. शेजारीपाजारी आधी रोज यायचे, मग आठवड्याने, मग जिन्यातूनच विचारायचे; पुढे तेही थांबलं. त्यात कुणाचं चुकलं असं धाकटीला वाटत नसे. तिच्याकडे तरी दुखण्याखेरीज बोलायला होतं काय? एक्कावन्न वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती, आणि घराबाहेर तिला हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

तीन महिन्यांनी वहिनी आली तेव्हा धाकटी रिकाम्या खाटेशेजारी खुर्चीवर बसलेली होती. पूर्वी धाकटी जिथे काम करायची त्या बाइंडिंगच्या कारखान्यात वहिनी स्वतःच जाऊन आली.

"वन्सं, सोमवारपासून बोलावलंय. नाही आवडलं तर सोडा. पण जाऊन तर बघा."

पोस्टात पाकीट टाकायला जावं तशी धाकटी गेली.

हात काम विसरले नव्हते. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. असे फर्मे क्रमाने लावायचे, दाभणाने शिवायचे, की खळवाली मावशी पुस्तकाच्या पाठीला खळ लावून पुढे सरकवी. पण माणसांचं काय करायचं ते धाकटीला कळत नव्हतं. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत, जणू आजारी तीच होती. जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीशी उभी राहून चार मिनिटांत जेवे. इतरांचे डबे उघडेपर्यंत तिचा धुऊनही झालेला असे. दर दोन तासांनी ती उठे, दोन पावलं टाके आणि थांबे.

तिसऱ्या आठवड्यात तिने एका पुस्तकाच्या चाळीस प्रती शिवल्या. मावशीची खळ लावून झाली आणि मग लक्षात आलं, की सगळ्या प्रतींत अकरावा फर्मा दहाव्याच्या आधी लागलाय.

मावशी सगळ्यांसमोर कडाडली. "डोळे कुठे होते तुझे?"

मालकीणबाई लगबगीने आल्या. राहू द्या, त्यांच्या घरी नुकतंच असं झालंय, असं काहीतरी त्या समजावू लागल्या.

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "माझ्याही घरी झालंय. म्हणून अकरा काही दहाच्या आधी येत नाही."

"खळ लावताना तुम्हाला दिसलं नाही का मग?" धाकटी म्हणाली. आवाज चढा होता. चौदा वर्षांत तो असा चढला नव्हता. आता रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. कान तेवढे तापले.

"चष्मा घरी राहिलाय माझा," मावशी म्हणाली, आणि तिने ओलं फडकं धाकटीच्या हातात दिलं.

दोघी खळीच्या टेबलाशी बसल्या. पाठी भिजवायच्या, दोरे कापायचे, फर्मे बदलायचे, पुन्हा शिवायचं. जेवायलाही तिथेच बसल्या. मावशीच्या जावयाने तिसऱ्यांदा बूट घेतले होते आणि तिन्ही जोड त्याला चावत होते. ही हकिगत मावशी घासाघासाला थांबून सांगत होती. ती अर्धवट सोडून उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून धाकटी बसून राहिली. आपण मजेत ऐकतोय की नुसत्याच बसलोय, हे तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"आज भांडण झालं," धाकटीने सांगितलं.

"कुणाशी? मी बोलू का मालकीणबाईंशी?"

"नको," धाकटी म्हणाली. "उद्या लवकर जायचंय. बारा प्रती राहिल्यात."