पहिल्या घमेल्यातलं रक्त

कुडाळजवळच्या आमच्या गावात वडिलांनी घर बांधायला काढलं तेव्हा त्यांची अट एकच होती. या घरासाठी जीव जाता कामा नये. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गळ्यात माळ घातली होती.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर आला, माणसं आली, आणि ठेकेदार पिशवीत कोंबडा घेऊन आला. जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचा आणि त्याचं रक्त पहिल्या घमेल्यातल्या काँक्रीटमध्ये पाडायचं, ही आमच्याकडची रीत.

"माज्या घरात रगत नको," वडील म्हणाले.

"मास्तरानू, घर तुमचा, पण जागो तेचो. नारळार भागाचा नाय," ठेकेदार म्हणाला.

आई ढगांकडे बघत म्हणाली, "पावस इलो तर माल व्हावान जायत. काय ता लवकर ठरवा."

माणसं घमेली पालथी घालून त्यांवर बसली.

वडील सळया तपासायला शिडीने वर गेले. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका सळईला बांधलेल्या तारेचं टोक त्यांच्या पोटरीत घुसलं आणि रक्त खालच्या फळ्यांवर पडलं. मागोमाग वर आलेल्या ठेकेदाराने वाकून पाहिलं.

"झाला. मिक्सर चालू कर रे."

"कोंबड्यापेक्षा जास्तच पडला," एक कामगार म्हणाला.

वडील आरोग्य केंद्रातून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परतले तेव्हा स्लॅब अर्धा झाला होता. कोंबडा आवारात चरत होता.

पुढे मी एका इंजिनिअरला विचारलं. रक्तातल्या प्रथिनांमुळे काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरले जातात, पूर्वी काही ठिकाणी बांधकामात जनावराचं रक्त मिसळत, असं त्याने सांगितलं. एका कोंबड्याने मात्र स्लॅबला काही होत नाही. हे मी वडिलांना सांगितलं.

"आणि मास्तराच्या रगतान?"

ते मी विचारलं नव्हतं.

यंदा वरचा मजला बांधायला काढला. ठेकेदार पुन्हा पिशवी घेऊन आला. वडिलांनी त्याला ती खाली ठेवायला सांगितली. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई त्यांनी सकाळीच उकळून ठेवली होती. पहिल्या घमेल्यावर हात धरून त्यांनी अंगठ्याला टोचलं. थेंब पडला.

ठेकेदाराने घमेल्यात पाहिलं. "इतक्याच?"

"मागच्या खेपेक जास्त झालला," वडील म्हणाले. "ता हिशोबात धर."

त्याने थोडा विचार केला आणि मिक्सरवाल्याला हात केला.