डाव्या अंगाची जागा

पुण्यातल्या दुकानदाराने आधी एकट्याची कॉट दाखवली. पायाकडचं हँडल फिरवलं की पाठीकडचा पत्रा कुरकुरत वर यायचा. निरंजनने दोनदा फिरवून पाहिलं आणि आईकडे वळून म्हणाला, "ही बरी हाय. आपल्या खोलीत बसंल."

सगुणाबाईंनी कॉटची रुंदी वितीने मापली आणि विचारलं, "आन मी?"

"तू काय?"

"मी कुटं निजायचं?"

निरंजन इकडेतिकडे बघायला लागला. दुकानात दुसरी माणसं होती. दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, पेशंटजवळ खाली गादी टाकतात. सगळे तसंच करतात."

"खाली दवाखान्यातली आया निजती," सगुणाबाई म्हणाल्या. "मी त्यांची बायको हाय."

सगुणाबाईंना ओळखणाऱ्याला या बोलण्याचं नवल वाटलं नसतं. कासारसाईहून लग्न होऊन त्या घोटावड्याला आल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बायका चुलीपाशी निजायच्या, पुरुष पडवीत. पोरं झाली, मोठी झाली, तरी नवराबायकोला स्वतःची अशी जागा नव्हती. कारखाना आला, जमिनीचा एक तुकडा गेला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, कोंडिबांनी, मागे ओळीने खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. शेवटची खोली मात्र दिली नाही. संडास जोडून घेतला, सागवानी दिवाण आणला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही माजी आन सगुनाची." गावात थट्टा झाली. कोंडिबांना तिची फिकीर नव्हती.

त्या दिवाणावर सगुणाबाई डाव्या अंगाला निजत. लग्नात आईने कानात सांगितलं होतं, बायकोची जागा नवऱ्याच्या डाव्या अंगाला. या गोष्टीचा त्यांनी पुन्हा कधी विचारही केला नव्हता.

मग एका सकाळी गोठ्यात कोंडिबांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला. तोंड वाकडं झालं. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं, पाठ वर करता येईल असा पलंग घ्या, आडवं ठेवून भरवू नका, घास छातीत जाईल. सपाट दिवाण आता कामाचा नव्हता.

दुकानदाराने शेवटी दुसरा पलंग दाखवला. चांगला रुंद, दोन फळ्यांचा. पायाकडे दोन हँडलं. एक फळी वर केली तरी दुसरी सपाट राहायची. सगुणाबाईंनी तोच घ्यायला लावला.

पलंग टेंपोतून उतरला तेव्हा गोजराबाई ओट्यावरच होत्या. कोंडिबांची थोरली बहीण, गावातच दिलेली; भावाचं दुखणं सुरू झाल्यापासून रोज येऊन बसायच्या.

"डबल घेतलास व्हय?" त्या म्हणाल्या. "भावाला उठता येईना, आन हिला डबल पलंग पायजे. म्हातारपनी कसली हौस ही!"

"वन्सं, हौस न्हाई. रातीला दोनदा कूस वळवायची असती. खालनं उठून कितींदा चढू?"

"आमी बी दुखनी काढली, बाई. पलंग कुनी दिला न्हाई आमास्नी."

खोली लांबट आणि अरुंद. एका लांब भिंतीला बाहेरचं दार आणि संडासाचं दार, म्हणून पलंग दुसऱ्या लांब भिंतीलाच लागणार होता. लावणाऱ्या माणसाने विचारलं, "आजोबा कुठल्या बाजूला?"

"ते भितीकडं. पडायची भीती नको," सगुणाबाई म्हणाल्या. "डोकं दक्षिणंला. मी त्यांच्या डाव्या अंगाला." सगळं जुळत होतं. त्यांना बरं वाटलं.

पहिल्या दिवशी सून वैष्णवीने दोन्ही फळ्या वर केल्या. दोघं टेकून शेजारी शेजारी बसली. दारातून भाडेकरू पोरगं डोकावलं आणि म्हणालं, "मावशी, नवरानवरीसारखं बसलाय की!" सगुणाबाई लाजून हसल्या. कोंडिबा हसले नाहीत. ते उजवीकडे मान वळवून भिंतीकडे बघत होते.

तेव्हापासून ते भिंतीकडेच बघायचे. सगुणाबाई भरवायच्या तेव्हा घास घ्यायचे, पण हात कुणाचा हे बघायचे नाहीत. उजव्या हाताने जेवायला लागले तेव्हा ताटाच्या उजवीकडची भाजी, आमटी संपवायचे. डावीकडचा ठेचा, मीठ, कांदा, अर्धी भाकरी तशीच. "मीठ न्हाई," ते कुरकुरायचे. सगुणाबाई आमटीत मीठ वाढवायच्या. आणि रोज, शेजारी बायको बसलेली असताना, ते मोठ्याने विचारायचे, "सगुना कुटं हाय?"

"हितंच हाय की!"

आवाज ऐकून ते थांबायचे. भिंतीकडे शोधायचे. मग पुन्हा, "निरंजन, तुजी आई कुटं गेली रं?"

"डोक्यात गेलंया त्याच्या," गोजराबाई म्हणाल्या. मग सुपारी कातरत म्हणाल्या, "न्हायतर काय तरी राग आसंल मनात. बायको शेजारी असून मानूस भितीकडं तोंड करतो, ते उगं न्हाई."

हे मात्र सगुणाबाईंना लागलं. राग कशाचा? त्या आठवून बघायच्या. जमीन विकताना आपण नको म्हटलं त्याचा? धाकट्या पोराच्या आजारपणात त्यांना न विचारता देवऋषी आणला त्याचा? ते पोर गेलं होतं. त्यावर दोघं कधीच बोलले नव्हते. कोंडिबा भिंतीवर उजवा हात आपटायला लागले की सगुणाबाईंना वाटायचं, हा राग तोच.

एका दुपारी निरंजन हँडल फिरवत होता. कोंडिबांचा उजवा हात पलंग आणि भिंत यांच्या फटीत शिरला होता. ते कुणालाच दिसलं नाही. फळी वर आली आणि ते ओरडले. दोन बोटं चेचली होती. एका नखाचा पत्ता नव्हता. अंगातला तेवढाच एक हात धड होता.

पिरंगुटच्या डॉक्टरबाई घरी आल्या, बोटं बांधली. मग पलंगाच्या डाव्या बाजूला उभं राहून त्यांनी हाक मारली, "बाबा, माझ्याकडं बघा." कोंडिबा भिंतीकडे बघू लागले. डॉक्टरबाई पायाकडे गेल्या आणि भिंतीलगत वाकून उजवीकडून त्यांच्या नजरेसमोर आल्या. कोंडिबा म्हणाले, "आलासा व्हय?"

"हे भिंतीकडंच बघतात का नेहमी?"

वैष्णवी पटकन म्हणाली, "हो. आणि ताटातलं डावीकडचं कधीच खात नाहीत. मला वाटलं, ठेचा आवडेनासा झाला."

"डोळे नीट आहेत. पण या झटक्यात मेंदूनं डावी बाजू सोडून दिली आहे. डावीकडं जग आहे हेच त्यांना कळत नाही. सुधारलं तर हळूहळू."

सगुणाबाईंनी विचारलं, "मंग मी डावीकडं बसती, निजती, ते?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांच्या दृष्टीनं तिथं कुणी नाही. आजी, लुळी बाजू भिंतीकडं करा आणि धड बाजू माणसांकडं. तुम्ही उजवीकडं या."

डॉक्टरबाई गेल्यावर सगुणाबाई कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिल्या. राग नव्हता, याचं सुख वाटायला हवं होतं. पण शेजारी बसून, हात हातात धरून, कोंडिबांसाठी त्या इतके दिवस नव्हत्याच.

संध्याकाळी पलंगाचा प्रश्न निघाला. दारांच्या भिंतीला तो लागत नव्हता, आडवा मावत नव्हता. सगुणाबाई भिंतीकडे आणि कोंडिबा बाहेर, असं केलं तर पडायची भीती. आणि उठताना आजारी माणसाला ओलांडायचं, तेही नको. राहिला एकच मार्ग. पलंग त्याच भिंतीला ठेवून उशी पायाकडे न्यायची; पण पाठ एकाच टोकाला वर यायची, म्हणजे पलंगच फिरवायचा. डोकं उत्तरेला. पाय दक्षिणेला.

"डोकं फिरलंय का तुमचं?" गोजराबाई उभ्याच राहिल्या. "दक्षिणंला पाय मढ्याचं करत्यात! जित्या मानसाला यमाच्या तोंडाशी देताय?"

"आत्या, डॉक्टर सांगत्यात," निरंजन म्हणाला.

"डॉक्टर गाव सोडून जाईल. भाऊ माजा हाय."

वैष्णवी हळूच म्हणाली, "आई, डाव्या-उजव्याचं तरी मनात आणू नका. सत्यनारायणाला तुम्ही उजवीकडंच बसता की, मामंजींच्या हाताला हात लावून."

"ते म्या मनातनं काढलं," सगुणाबाई म्हणाल्या. "दिशेचं निघत न्हाई."

आणि ते खरंच होतं. त्या गोजराबाईंपेक्षा वेगळ्या घरात वाढल्या नव्हत्या. आईला, सासऱ्याला, त्या धाकट्या पोराला, सगळ्यांना त्यांनी दक्षिणेला पाय करून ठेवलेलं पाहिलं होतं. त्या रात्री सगुणाबाई जेवल्या नाहीत. आतून हाक आली, "सगुना कुटं हाय?" पुन्हा आली. तिसऱ्यांदा आवाज रडवा होता.

सगुणाबाई उठल्या. "निरंजन, पोरांना बोलीव. फिरवा."

"सगुने, पस्तावशील," गोजराबाई म्हणाल्या.

"पस्तावीन."

भाडेकरू पोरांनी कोंडिबांना खुर्चीत बसवून पलंग फिरवला. त्यांना निजवलं, लुळा हात भिंतीकडे. सगुणाबाई उजवीकडच्या फळीवर बसल्या आणि बांधलेल्या बोटांवर अलगद हात ठेवला.

कोंडिबांनी बघितलं.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "लई दिस ऱ्हायलीस कासारसाईला, भावाकडं."

निरंजन काही सांगायला पुढे झाला. सगुणाबाईंनी त्याला खुणेनं थांबवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ऱ्हायले."

"मानसानं सांगून तरी जावं."

"चुकलं माजं."

त्यानंतर ते चांगले बोलायचे. भाताचं, बैलांचं, कारखान्याच्या भोंग्याचं. एकदा त्या धाकट्या पोराचंही बोलले. दोघं मिळून रडली. पण जेवण कमीच होत गेलं. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, आणि होळीच्या आसपास ते गेले. त्यांना जमिनीवर घेतलं तेव्हा पाय फिरवावे लागले नाहीत. ते दक्षिणेलाच होते.

दहाव्याला, घाटावर, सगळ्या भावकीत गोजराबाई म्हणाल्या, "हिनं घालवला त्याला. म्या हात जोडलं व्हतं."

बायका सगुणाबाईंकडे बघू लागल्या. वैष्णवी म्हणाली, "आई, सांगा ना त्यांना, डॉक्टर काय म्हणाल्या ते."

"काय सांगू? वन्सं म्हनत्यात ते खरं बी आसंल."

"मग केलंस कशाला?" गोजराबाई म्हणाल्या.

"त्यांच्या लेखी मी आसून मेल्यावानी व्हते," सगुणाबाई म्हणाल्या. "रोज इचारायचे, सगुना कुटं हाय."

गोजराबाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्या भावाच्या ओट्यावर आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तरी बोलत नाहीत, आणि सगुणाबाईही त्यांना थांबवत नाहीत.