पहाटेचा समारंभ

बातमी आली तेव्हा मी हिंजवडीत, कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. ऑफिसची इमारत समोर दिसत होती आणि बस जागची हलत नव्हती. "मिलिंद गेला रे…" एवढंच फोनवर कळलं. सकाळी ऑफिसात लवकर आला, खुर्चीत बसला आणि बसल्या जागी हृदय बंद पडलं. मी ड्रायव्हरला म्हणालो, "दार उघडा, चालत जातो." तो म्हणाला, "सर, मधी उतरवायची परवानगी नाय." मग त्या इमारतीकडे बघत बसून राहिलो.

आम्ही दोघं व्हिडिओ गेमचे टेस्टर. लोकांना वाटतं, हे दिवसभर खेळतात आणि वर पगार घेतात. प्रत्यक्षात आम्ही परदेशात तयार झालेल्या खेळातल्या प्रत्येक भिंतीला धडका मारत असतो. खेळणारा एखाद्या कोपऱ्यात असा अडकतो का, की त्याला बाहेर पडताच येत नाही, हे शोधण्यात मिलिंदचा हात धरणारा कुणी नव्हता. असा कोपरा सापडला की "अडकलो!" म्हणून आनंदानं ओरडायचा. मला त्याचा रागच यायचा. कारण हा स्वतः सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत पुरता अडकलेला होता. आई नव्हती, लग्न केलं नाही, वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. दिवसा एक मावशी यायच्या, संध्याकाळनंतर मिलिंद. सिनेमाला चल म्हटलं, तर "नानांचं जेवण असतं" हे उत्तर ठरलेलं.

हौस एकच. व्हिडिओ गेमना दरवर्षी पुरस्कार देतात, तो अमेरिकेतला समारंभ बघायचा. तिथे संध्याकाळ, तेव्हा आपल्याकडे पहाट. मी कुडकुडत स्कूटरवरून त्याच्याकडे पोचायचो. नानांच्या पलंगाशी लॅपटॉप, हातात चहा. "एकदा त्या सभागृहात बसायचंय रे," तो म्हणायचा. "बक्षीस नको. नुसतं बसायचंय."

गेल्या वर्षी आम्ही तपासलेल्या खेळाला नामांकन मिळालं. पुण्यातून एकाला समारंभाला पाठवायचं ठरलं, आणि साहेबांनी मिलिंदला निवडलं. आम्ही पेढे मागितले. दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सांगून टाकलं, "नाना सोडत नाहीत." त्याच्याऐवजी दुसरा गेला. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की त्या पहाटे जाऊच नये असं वाटलं. गेलो तरी. आमचा खेळ जिंकला. मंचावरच्या माणसानं जगभरातल्या सहकाऱ्यांचे आभार मानले. अर्धांगवायूनं नानांचं तोंड वाकडं झालं होतं, पण तिरकस बोलणं शाबूत होतं.

"म्हणजे तू का रे?"

"हो, नाना."

"सगळ्या जगात तू एकटाच?"

मिलिंद हसला. मग कप विसळायला म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

यंदा त्याला जाऊन काही आठवडेच झाले होते. नानांनी मावशींकरवी निरोप धाडला, समारंभ बघायला ये. त्या घरात पाऊल ठेवायची इच्छा नव्हती, तरी गेलो. पहाटे लॅपटॉप लावला, नानांच्या पाठीशी उशी दिली. बराच वेळ ते पडद्यावरच्या सभागृहाकडे बघत होते. "मी त्याला जा म्हटलं होतं," ते एकदम म्हणाले. "माझ्या बहिणीला बोलावून घेणार होतो इथं. पण मेल्यांनी व्हिसाच नाकारला पोराला…"

मिलिंदकडे साधा पासपोर्टसुद्धा नव्हता. ऑफिसात त्यानं नानांना पुढं केलं आणि नानांपुढं व्हिसाला. वर्षभर मी ज्या माणसावर चरफडत होतो, त्यानं दार उघडून धरलं होतं. मिलिंदच उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. नानांना सोडून जायचा धीर झाला नाही, की आणखी काही… आता कुणाला विचारू? खरं सांगितलं तर नाना आपल्यालाच दोष देत बसणार. "हो ना," मी म्हणालो, "नशीबच." माझ्या मित्राचं खोटं आता मलाच जपायचं आहे, आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं.

नानांच्या चांगल्या हातात एक सुताची दोरी असते. तिचं दुसरं टोक मनगटाला बांधून मिलिंद खाली झोपायचा. काही लागलं की नाना ओढायचे. मावशींनी ते टोक सध्या खुर्चीला बांधलंय, कारण नाना दोरी काढू देत नाहीत. पडद्यावर वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नानांनी सवयीनं दोरी ओढली. रिकामी खुर्ची फरशीवर जराशी सरकली. नानांनी पुन्हा ओढली.

"आलो, नाना," मी म्हणालो.