आठ दिवसांचा चाकू

चाचांकडं चाकू मागायला गेलं की चाकू मिळायचा न्हाई, वार मिळायचा. "आज बुधवार ना? फुडच्या गुरुवारी ये." गिऱ्हाईक म्हनायचं, चाचा, माल तर समोर टांगलाय की. चाचा म्हनायचे, "तो नुसता टांगलाय. माझ्या खिशात कुठं राहिलाय अजून?"

कळंबोलीत ट्रक उभे ऱ्हातात त्या मैदानाच्या कडंला त्येंची पत्र्याची टपरी व्हती. दोऱ्या, कुलपं, बॅटऱ्या, लोखंडी हूक आनि मिटायचे चाकू. बाकीचं सगळं लगेच मिळायचं. चाकू मातुर आठ दिवस चाचांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात फिरायचा, मंगच ते इकायचे. ज्येच्यासाठी चाकू फिरतोय त्येच्या नावाची चिठ्ठी सुतळीनं मुठीला बांधलेली असायची. पंजाबकडचे डायवर त्येंना 'आठ दिन' म्हनूनच हाक मारायचे. "ओ आठ दिन, मेरा वाला पास हुआ क्या?" चाचा मान वर न करता सांगायचे, "आज पाँचवाँ है. रोटी खाके आ."

चाचा मूळचे मुरूडकडचे, खाडीकाठचे मुसलमान. लई वर्सं जहाजावर खलाशी व्हते. मंग गुडघे गेले, तवा तळोज्याला घर केलं आनि हितं टपरी टाकली. जहाजावर चाकू कमरेला दोरीनं बांधलेला असायचा म्हनं. सांगायचे, "पान्यात पडला तर चाकू पन जातो, मानूस पन. दोघांना बांधून ठेवायचं."

माझी बसायची जागा त्येंच्या टपरीच्या सावलीला. मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. मी मानदेशातली. लगीन झाल्यावर मालकांच्या मागं हितं आले. ताडपत्रीचं काम मालकांचं व्हतं. भरल्या ट्रकवर चढून दोरी आवळताना ते खाली आले, त्यातच गेले. पोरगी चार वर्सांची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्येंचं दाभन मी हातात घेतलं. कुनी शिकवलं न्हाई. त्येंनी शिवलेलं उसवून बघितलं, तसं परत घातलं. चाचा मला 'बाय' म्हनायचे. त्येंच्याकडं सगळ्या बायांना तसंच म्हनतात.

चाकू बघायची त्येंची रीत सांगते. पयल्या दिवशी निस्तं उघडायचं आनि मिटायचं. बोलता बोलता, च्या पिता पिता, उजव्या हातानं, मंग डाव्या. दिवसभर टपरीतून टक् टक् ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी हाताला तेल लावून तेच. मंग नायलॉनची दोरी, मंग पुठ्ठं. पाचव्या दिवशी लिंबू कापायचे आनि पातं न पुसता रातभर तसंच ठिवायचे, सकाळी गंज बघायचे. दर दिवसाला टपरीच्या दाराच्या आतनं खडूची एक रेघ. जो नापास व्हईल तो बिस्किटाच्या डब्यात. त्येला नीट करून, तेल घालून, परत पयल्या रेघेपासनं. "मानसाला पन दुसरा चान्स देतात," म्हनायचे.

सहावा दिवस माझ्या ताडपत्रीचा. "बाय, चार घडीचा तुकडा दे गो." मी द्यायचे. त्या घडीत ते टोक खुपसायचे, वर उचकटायचे, मंग पात्याची पाठ लाकडावर आपटायचे, उघडं पातं धरून ठिवनारा खटका सुटतो का बघायला. हे करताना ते माझ्याकडं पाठ करून उभे ऱ्हायचे. बाकी कुटलं काम त्येंनी कदी पाठ करून केलं न्हाई. डायवरांना वाटायचं, म्हातारा काय तरी मंतर म्हनतोय.

पाठ का करायचे ते मला ठावं व्हतं.

मालक गेल्यावर मी पयला चाकू चाचांकडनंच घेतला व्हता. तवा ते आठ दिवसांचं काय नव्हतं. मागितला, त्येंनी दिला. दुसऱ्याच आठवड्यात एका ताडपत्रीच्या जाड घडीत टोक अडकलं. मी वर उचकटलं. खटका सुटला आनि पातं माझ्याच बोटांवर मिटलं. उजव्या हाताची दोन बोटं. चाचांनीच फडकं बांधलं आनि टेम्पोत घातलं. आठ दिवस मी सरकारी दवाखान्यात व्हते. बोटं ऱ्हायली, पन वाकत न्हाईत. अजून मूठ वळली की ती दोन समोर बघतात.

घरी आले त्या दिवशी चाचा खोलीवर आले. संगं त्याच खोक्यातले उरलेले चाकू. आत आले न्हाईत, उंबऱ्याच्या भायेरच बसले. एक एक चाकू उघडायचे, पाठीवर अंगठा दाबायचे. काही ऱ्हायचे, काही मिटायचे. सगळे बघून झाल्यावर सगळेच भंगाराच्या गोनीत टाकले, चांगले बी. मंग म्हनले, "हे मी इकायच्या आधी करायचं व्हतं, बाय." त्येच्यावर परत कदी बोलले न्हाईत. मी बी न्हाई. मला काम करता येईना तवर त्येंच्या घरनं भात आनि सुक्या मासळीचं कालवन यायचं. चाची डबा ठिवून जायच्या. डबा रिकामा परत द्यायचा न्हाई असं आमच्याकडं असतं, तर मी चिमूटभर साखर घालून द्यायचे. तेवढंच असायचं.

तर आठ दिवस हे तितनं आले. लोकांना वाटायचं, जहाजावरची सवय हाय, न्हाईतर म्हातारा चक्रम हाय. मला ठावं व्हतं, आनि मला ठावं हाय हे चाचांना ठावं व्हतं.

तवापासनं मी चाकू हातात धरला न्हाई. धरायला गेलं की हात आपसूक मागं यायचा. कापड कातरीनं कापायचे, दोरी मेनबत्तीवर जाळून तोडायचे. येळ लागायचा. दुसरे लोक दोन ताडपत्र्या करायचे तवा माझी एक व्हायची. चाचा बघायचे. एकदा म्हनले, "भीती जात नाय का गो बाय?" मी म्हनले, "कातरीवर भाकरी मिळते चाचा, भीतीचं काय घेऊन बसलाय." ते हसले न्हाईत.

थोड्या दिवसांनी त्येंनी एक चाकू मिटलेलाच माझ्याफुडं ठिवला. म्हनले, "वापरू नको. उघडू पन नको. एक दिवस निस्ता कमरेला ठेव."

"मी कशाला?"

"मला खिसे हायेत. तुला नाय. तुझ्या कमरेला टोचला तर अर्ध्या जगाला टोचला. ते कोन बघनार?"

मंग सातवा दिवस माझा झाला. सकाळी चाकू घ्यायचा, कनवटीला खोसायचा, सांजच्याला परत द्यायचा. एकाची खिशाला लावायची पट्टी लुगड्यात अडकायची, एक वाकलं की फासळीत घुसायचा. मी सांगायचे, ते तसं गिऱ्हाइकाला सांगायचे. "बायनं पास केलाय," म्हनायचे. मोठमोठे मिशीवाले डायवर माझ्याकडं बघून मान हालवायचे. एवढी वर्सं असे किती चाकू माझ्या कमरेला ऱ्हायले. उघडला एक बी न्हाई. चाचांनी उघड म्हनून कदी सांगितलं न्हाई.

आनि आठवा दिवस. आठव्या दिवशी चाचा चाकूला काहीच करायचे न्हाईत. "आज त्येला इसरायचं," म्हनायचे. सकाळी खिशात टाकायचा आनि कामाला लागायचं. दोरी कापायची असंल तर कापायची, परत टाकायचा. सांजच्याला टपरी बंद करताना कळलं की अरे, हा दिवसभर खिशात व्हता, तर पास. दिवसभर मनात ऱ्हायला तर नापास. "जो चाकू सारखा आठवतो ना बाय, त्यो मानूस घरी ठेवून येतो. घरी ठेवलेला चाकू आपल्याला काय कामाचा?"

एकदा सोन्याची चैन घातलेला एक जाडजूड मानूस आला. त्येला लांब पात्याचा, झटक्यानं उघडनारा पायजे व्हता. चाचा चार बोटांपेक्षा लांब पातं ठिवतच न्हवते. म्हनले, "याच्यापेक्षा लांब घेतलं तर दोरी जास्त कापत नाय, भांडन जास्त कापतं." तो म्हनला, "चाचा, टेन्शन नको, कुनाला मारायचं न्हाई, निस्ता ठेवायचा." चाचांनी डब्यातला कांदा काढला, त्येच्यासमोर ठिवला आनि आपला चाकू उघडून दिला. "हा चीर. बारीक." त्येनं कसाबसा चिरला, डोळ्याला पानी. चाचांनी कांदा पावाबरोबर खाल्ला, अर्धा पाव त्येला दिला. दोघं बसून जेवले. तो चैनवाला नंतर मातुर येत ऱ्हायला. टॉर्च न्यायचा, दोरी न्यायचा. चाकू परत मागितला न्हाई.

गेल्या वर्सी एका शुक्रवारी चाचा नमाजाला जाऊन आले, खुर्चीत बसले आनि तसेच गेले. मी समोरच व्हते. दोन टाके घातले, वर बघितलं, मान कलली व्हती. मला वाटलं डुलकी लागली. तिसरा टाका बी घातला.

दफन झाल्यावर तीन-चार दिवसांनी त्येंची लेक शमा टपरीवर आली. ती सीवूडला नोकरी करते. तिच्या हातात सदऱ्यातनं निघालेला चाकू व्हता, मिटलेला. दाराच्या आत पाच रेघा.

"मावशी, हा कुणाचा होता? चिठ्ठी नाहीये."

मी सुतळी शोधली, मुठीला बघितलं. खरंच नाव न्हवतं. चाचांचा चाकू बिन नावाचा मी पयल्यांदा बघितला.

"आता आम्ही चाकू नाही विकणार मावशी," शमा म्हनली. "आठ दिवस कोण फिरवणार? दोऱ्या-कुलपं हे बघतील." तिचा नवरा बाजूलाच व्हता. "हा तेवढा शेवटचा. डब्यात टाकू का?"

मी म्हनले, "नापास कुटं झालाय? तीन दिवस ऱ्हायलेत. दे हिकडं."

घेतला खरा, पन फुडचा दिवस सहावा, ताडपत्रीच्या घडीचा, हे मागनं आठवलं. चार घडीचा तुकडा मीच केला. दुपार झाली तरी चाकू मांडीवर तसाच. मंग शमाच्या नवऱ्याला म्हनले, "जावईबापू, जरा तिकडं तोंड करा." तो बिचारा उठून भायेर जाऊन उभा ऱ्हायला. मी नखानं पातं उघडलं. खटका बसल्याचा आवाज आला, चाचांच्या टपरीतनं यायचा तसा. टोक घडीत घातलं. वर उचकटलं. दोन बोटं सरळ व्हती, तिसऱ्यानं आनि अंगठ्यानं धरलं व्हतं. आनखी जोरात उचकटलं. खटका न्हाई सुटला. पाठ लाकडावर आपटली, न्हाई सुटला. मी दाराच्या आत सहावी रेघ वडली. रेघ वाकडी आली.

सातव्या दिवशी कमरेला ऱ्हायला, टोचला न्हाई. ते काम माझ्या सवयीचं.

आठव्या दिवशी नापास झाला. सकाळपासनं तो कमरेला हाय हे एक मिनिट इसरता आलं न्हाई. दोरी कापली तरी चाचा, पानी प्याले तरी चाचा. सांजच्याला शमाचा फोन आला. "काय खोट निघाली मावशी?"

"जड हाय," मी म्हनले.

ती म्हनली, "अब्बा नापास झालेला परत लावायचे."

"ठावं हाय. पुसते रेघा."

असं लई येळा झालं. सात रेघा वडायच्या, आठव्या दिवशी पुसायच्या. शमाचा नवरा खडू संपला की आनून ठिवायचा. कातर हळूहळू पिशवीतनं वर यायची बंद झाली. मेनबत्ती तर कुटं गेली कुनाला ठावं.

मागच्या म्हैन्यात एकदा घाईचं काम आलं. ट्रक दुपारी निघायचा व्हता आनि ताडपत्री मधोमध फाटलेली. मी दिवसभर कापत व्हते, शिवत व्हते, कापत व्हते. डायवरबरोबर भांडले बी. घरी आले, आंघोळीला बसले, लुगडं सोडलं तर मोरीत खण्णकन काय तरी पडलं. चाकू. आठवा दिवस व्हता.

दिवसभरात चाचांची आठवन सुद्धा आली न्हवती. त्येचं पयल्यांदा वाईट वाटलं. पान्यात हात घालून चाकू उचलला, पदरानं कोरडा केला. मंग कळलं, चाकूची भीती मी अशी इसरावी, एवढ्या वर्सांत त्येंनी दुसरं काय मागितलं व्हतं माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी रविवार, शमा टपरीवर व्हती. मी आठवी रेघ वडली. म्हनले, "पास झाला."

ती रेघेकडं बघत ऱ्हायली. "मग आता कुणाला द्यायचा मावशी? नाव तर नाही."

"चिठ्ठी काढ," मी म्हनले. "माझं नाव लिही."

तिनं लिहिलं. मी सुतळीनं चिठ्ठी मुठीला बांधली, आनि वर उरलेली सुतळी त्याच चाकूनं कापली.