असानच्या झाडीची माफी

रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला, पण ऊन काही पडेना. असानच्या किनाऱ्यावर, जिथं दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत अमेरिकन फौज उतरली तिथं आता सरकारी उद्यान आहे. उतारावरच्या ओल्या गवतात तान मार्सेलिना कापणीयंत्राची दोरी ओढत होती. 'तान' ही आमच्या गुआम बेटावरची मानाची हाक. अठरा वर्षं ती जपान्यांच्या तोफांच्या गुहांभोवतीचं गवत कापते. झाडीत शिरण्याआधी थांबून म्हणते, "आजी-आजोबांनो, तुमच्या जागेत येते, परवानगी असावी." आम्ही चामोरो, इथली मूळ माणसं, रानातल्या पूर्वजांच्या आत्म्यांना विचारल्याशिवाय तिथं पाय टाकत नाही; ते रागावतात.

दुपारी लेक होविता डबा घेऊन आली. आठवा महिना. लाल भात खाऊन ती घाईघाईनं गुहेमागच्या झाडीत लघवीला जाऊन आली.

"विचारलंस का गं?"

"एवढी लागली होती आई, विचारत कुठं बसू?"

तासाभरानं ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळ हलेना. सकाळपासनं नुसत्या लाथा घालत होतं."

तान फोनकडं धावली. दवाखान्यात फोन लावला, तर नर्स म्हणाली, ताबडतोब आणा. जावई गाडी घेऊन निघाला, पण यायला वीस मिनिटं. होविताला डाव्या कुशीवर निजवून तान झाडीपुढं हात जोडून उभी राहिली. "आजी-आजोबांनो, पोर चुकली, पोटात घाला."

"आई, इथं मेले ते काय सगळे आपलेच होते?" होविता पडल्या पडल्या म्हणाली.

तान चपापली. अठरा वर्षांत इथं मेलेल्या परक्या अमेरिकन-जपानी शिपाई पोरांना तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं इंग्रजीत माफी मागितली. मग कमरेत वाकून जपानीत. तिच्या आईला लढाईच्या वर्षांत जपान्यांनी शाळेत शिकवलेले दोनच शब्द तिला येत होते.

"त्यातला एक 'शुभ सकाळ' आहे, आई."

"असू दे. रागावायचे नाहीत तेवढ्यावरनं."

होविताला हसू फुटलं. हसता हसता ती थबकली. "आई, हात आण इकडं."

तानच्या तळव्याखाली एक लाथ बसली. मग दुसरी. 

"कुणी ऐकलं म्हणायचं?" होवितानं विचारलं.

"कुणी का ऐकेना. तू आधी दवाखान्यात जा."

चार वाजता जावयाचा फोन आला. ठोके उत्तम होते, बाळ आडदांड होतं. तान यंत्राकडं वळली. तिनं यंत्रात पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. अर्धा उतार अजून कापायचा होता.