हूं तरी म्हणा

वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तरी मालतीकाकू माइकसमोरून हलत नसत. मेरीलँडमधल्या आमच्या काउंटीच्या स्कूल बोर्डासमोर कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. बोर्डाने मात्र उत्तर द्यायचं नाही, असा नियम. काकू चष्मा काढून एकेका मेंबरकडे बघत आणि शेवटी खणखणीत मराठीत म्हणत, “अहो, हो म्हणा, नाही म्हणा, हूं तरी म्हणा!”

“थँक यू. नेक्स्ट स्पीकर,” अध्यक्षीणबाई म्हणत. मागच्या रांगेत मी हसू दाबत बसलेला. मी काकूंचा शेजारी आणि बिनपगारी ड्रायव्हर.

परतताना कारमध्ये शिकवणी चाले. “बोर्ड म्हणजे सासू, लोकांनी निवडलेली. सुपरिंटेंडेंट ही तिने पसंत करून आणलेली सून. काउंटीभरच्या शाळांचा रामरगाडा सून ओढते, नावं सासू ठेवते. आणि तिजोरीच्या किल्ल्या आजेसासूच्या कमरेला! ती काउंटी कौन्सिल.”

“आणि शाळा बंद कोण करतं?”

“सून सुचवते, सासू हात वर करते.”

काकूंच्या घरामागची छोटी प्राथमिक शाळा, मुलं कमी झाली म्हणून बंद होणार होती. काकूंची मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. त्या शाळेत नातवंड नाही, कुणी नाही. मग यांना एवढं काय पडलंय? एका दुपारी कळलं. काका निवृत्त सर्जन, पण आता बायकोलाही ओळखत नव्हते. मागच्या मैदानावर रिसेसचा गलका झाला तसे उठले, सर्जनसारखे कोपरापर्यंत हात धुतले आणि ताटावर बसले. “लंच ब्रेक झाला, सिस्टर.”

“मी सांगून जेवत नाहीत रे,” काकू म्हणाल्या. “पोरं ओरडली की जेवतात. सुट्टीच्या दिवशी घास घास भरवावा लागतो.”

“हे बोर्डाला सांगा ना!”

“घरचं माणूस माइकवर मांडतात का?”

शेवटच्या मीटिंगला मात्र त्यांनी मांडलं. लाल दिवा लागला. एका मेंबरने मान खाली घातली. त्या दिवशी काकू ‘हूं’सुद्धा न मागता स्वतःहून जागेवर येऊन बसल्या. मग हात वर झाले. शाळा बंद.

उन्हाळा संपला, पण सुट्टी संपली नाही. न राहवून एका दुपारी मी त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि अख्खं मैदान एकट्याने वठवलं: किंचाळलो, रडलो, “माय टर्न, माय टर्न” म्हणत स्वतःशीच भांडलो. काकांनी खिडकीतून नीट तपासून पाहिलं. “सिस्टर, या पेशंटला अॅडमिट करा.”

काकू खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. काका जेवले नाहीत.

थंडीत काका गेले. मुलगी काकूंना बेलव्ह्यूला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला आग्रहाने वाटीभर शिरा खाऊ घातला आणि रिकाम्या मैदानाकडे पाठ करून कारमध्ये बसल्या.

आता फोन येतो. “इथे सगळे दिवसभर कानात इअरफोन घालून मीटिंगमध्ये. मी आपली बोलत असते.” मग, “आज पुन्हा दोन ताटं घेतली बघ.”



“हूं,” मी म्हणतो. “हूं, काकू.”