जेवायला न उठलेली मुलगी

आमच्या ऑडिटच्या ऑफिसात तिला सगळे 'कटकट' म्हणायचे. बारसं मीच केलं होतं. नुकतीच परीक्षा पास होऊन आलेली पोर, आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारते, मोजलेल्या मालावर आपण खडूची खूण का करत नाही? पूर्वी करायचो. मग माल खराब दिसतो म्हणून गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि आम्ही ते सोडून दिलं. गिऱ्हाइकाला दुखवून कुणाचं भलं झालंय? पण ही बया दुसऱ्या दिवसापासून पर्समध्ये खडू घेऊन यायला लागली.

तिची उमेदवारी संपत आली होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब महिनाअखेर ठरवणार होते. थोरल्या भावाने टेम्पो चालवून हिची फी भरलेली. मी तिला बजावलं, तेवढे दिवस तोंडाला कुलूप लाव. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यातच रंगाच्या कारखान्यातली माल-मोजणी आली. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिथला रिवाज ठरलेला: सकाळी पहिलं गोदाम मोजायचं, दुपारी मॅनेजरकडून साग्रसंगीत जेवण, मग दुसरं गोदाम. खोटं कशाला बोलू, मी वर्षभर त्या जेवणाची वाट बघायचो.

जेवून सुस्तावून आम्ही दुसऱ्या गोदामात शिरलो, तर ही एका रांगेपाशी थबकली. रंगाच्या डब्यावर तिचीच सकाळची खूण होती. शेजारच्या डब्यांवरही होती. आम्ही जेवत होतो तेवढ्यात पहिल्या गोदामातला माल इकडे आणला होता, आणि तोच आम्ही पुन्हा मोजायला निघालो होतो.

मॅनेजर म्हणाला, हमालांचा घोटाळा झाला, तेवढी रांग सोडून द्या. हिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी मोजणी नव्याने सुरू केली, आणि दुपारी आम्ही उठलो तरी ही उठली नाही. पहिल्या गोदामाच्या दारात स्टूल टाकून तिने आपला डबा उघडला. मॅनेजरला तो अपमान वाटला. त्याने साहेबांना फोन लावला: ही मुलगी तरी उठेल, नाहीतर तुमचं ऑफिस तरी.

साहेब स्वतः आले. आमची पानं समोरच मांडली होती, सगळं ऐकू येत होतं.

"चल, ऊठ," ते म्हणाले.

"मोजणी संपली की उठते, साहेब."

"आणि उद्यापासून येऊ नकोस म्हटलं तर?"

तिचा घास हातातच राहिला. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तर उद्यापासून नाही येणार. आज मोजते."

साहेबांनी आणखी एक स्टूल मागवलं आणि दुसऱ्या गोदामाच्या दारात जाऊन बसले. पोरीचा मला इतका अभिमान वाटला की मीही पुढच्या पानाला हात लावला नाही.

कागदावर होता त्याच्या निम्मासुद्धा माल निघाला नाही. ते गिऱ्हाईक गेलं. कटकट मात्र कायम झाली.

यंदा एका नव्या कारखान्यात मोजणीला आम्ही तिच्या हाताखाली गेलो. मालक फार अगत्याचा माणूस, दुपारी स्वतः जेवायला बोलवायला आला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "डबा आणलाय." आणि स्टूल उचलून दारात जाऊन बसलो.